नदीकडची खोली

मिस्त्री भिंतीवर बोटांची पेरं वाजवायचे आणि कान लावायचे. डॉक्टर पाठीवर बोटं ठोकतो ना, तसं. मग मान हलवून म्हणायचे, "ऐका सायेब. पोकळ हाय."

मी ऐकायचो. मला काही ऐकू यायचं नाही. भिंत वाजायची तशी वाजायची. पण समोरचा माणूस ऐकतोय म्हटल्यावर आपणही ऐकल्यासारखा चेहरा करायचा, ही सरकारी नोकरीतली माझी जुनी सवय. मी गंभीरपणे मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारा बनवतोय.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. तो खरं बोलतो, आणि तेवढ्याच कारणासाठी त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. खरं ऐकलं की आपण त्यामागचा डाव शोधायला लागतो. मी तर तो शोधूनही काढला होता. नसलेला डाव शोधून काढायला हुशारी लागते, आणि ती त्या काळात माझ्याकडे भरपूर होती. आता तेवढी उरलेली नाही. वापरून संपली.

गोष्ट नव्वदीच्या शेवटाकडची. मी दौंडला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होतो आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं. मग जायचं कुठं, हा प्रश्न बायको रोज संध्याकाळी भाजी निवडताना विचारायची आणि मी रोज पेपर उचलायचो.

उत्तर यवतहून आलं. तिथले आमचे मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. ऊसवाले, सोसायटीचे संचालक. ज्यातलं कळत नाही असा विषय त्यांना अजून भेटलेला नव्हता. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "दाजी, जागा घ्यायची तर घोडनदीला घ्या."

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात.

"रांजणगावला कंपन्या आल्यात. पोरं खोल्या हुडकत हिंडत्यात. आन् नगरपालिका नदीकाठ सुधारतीय. घाट बांधतीय, दिवं लावतीय, बाग करतीय. पाच वर्सांत लोक तिथं हवा खायला येतील. तुम्ही आपलं वट्यावर बसायचं आन् त्यांच्याकडं बघायचं."

या शेवटच्या वाक्यानं माझा घात केला. भाडं, गुंतवणूक, भाव हे सगळं मी तेव्हाच विसरलो. डोळ्यांसमोर फक्त ओटा आला, समोर नदी, आणि मी स्वच्छ लेंगा घालून लोकांकडे बघतोय.

तोवर त्या काठाला वीटभट्ट्यांचा धूर, म्हशी आणि सकाळी डबा घेऊन बसायला जाणारी माणसं, एवढंच होतं. आम्ही पाहायला गेलो तेव्हा घाटाच्या दहाबारा पायऱ्या झाल्या होत्या. सिमेंटची बाकं आली होती. बाग अजून झाली नव्हती, पण तिची पाटी लागली होती. एवढं पुरे होतं.

घर दुमजली, चार बिऱ्हाडांचं. वर नदीच्या बाजूला एक एसटी कंडक्टर, रस्त्याच्या बाजूला कंपनीतली चार परप्रांतीय पोरं. खाली रस्त्याकडे सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टरबाई, आणि खाली नदीकडे मिस्त्री. मालक पुण्यात असायचे. किल्ल्या आणि घर दाखवायचं काम त्यांनी मिस्त्रींवर सोपवलेलं. घर दोन वर्षं विकायला काढलेलं होतं आणि विकलं जात नव्हतं. का, ते मला पंधरा मिनिटांत कळलं.

मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. पांढरी जाळीची टोपी, पांढरी दाढी, आणि हाताची कातडी चुन्या-सिमेंटनं तडकून मातीच्या भांड्यासारखी झालेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगा शिक्रापूरला कंपनीत. हे सगळं नंतर कळलं. पहिल्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "हे घर म्याच बांधलंय."

मला वाटलं, आता कौतुक सुरू होणार.

"म्हनून सांगतो सायेब, घेऊ नगा."

आणि मग त्यांनी आम्हाला घरभर फिरवलं. एखादा बाप आपल्या वाया गेलेल्या पोराबद्दल सांगतो तसं, न लपवता आणि न रागावता. "ही भिंत भर पावसात उचलली. मालकाला वास्तू करायची घाई. म्या म्हनलं थांबा, तर म्हनला मुहूर्त हाय. वरच्या गिलाव्यात नदीची वाळू हाय, न धुता वापरल्याली. आन् ह्यो जिना. ह्याची सातवी पायरी उंच झालीय. माझंच माप चुकलं. नव्या मानसाचा पाय अडकतोच."

"असं होय," मी म्हणालो आणि उतरताना सातव्या पायरीला अडकून थेट चौथीवर आलो. मिस्त्रींनी दंड धरला म्हणून बरं. मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सवय न्हाई अजून दाजींना."

शेवटी त्यांनी स्वतःची खोली दाखवली. आत अंधार होता, दारातूनच पाहिली. "ही तर समद्यात वाईट. ही भिंत नदीकडची. खालनं पानी पिती आन् छातीपत्तुर वर चढवती. कुनी भाड्यानं घेईना, म्हनून मालकाला म्हनलं, राहूद्या, म्याच राहतो. आन् पूर आला की पानी हितवर येतं बघा." त्यांनी आपल्या घोट्याला हात लावला.

आता इथं मी बोललो. बोलायला नको होतं, पण नदीचा विषय निघाला आणि माझ्यातला कारकून ताठ झाला. "मिस्त्री, मी पाटबंधाऱ्यात आहे. वर धरण झालंय. आता ही नदी आमच्या कागदाला विचारून वाहते."

"कागदाला इचारती व्हय?" मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाले. "मग चांगलं हाय की."

बाहेर येताच मेव्हण्यांनी मला बाकावर बसवलं. "दाजी, ध्यानात आलं का? म्हातारं गिऱ्हाईक पळवतंय. घर इकलं की नवा मालक खोली खाली करून मागणार. म्हनून दोन वर्सं ह्यो खेळ चाललाय. आता मला सांगा, समद्यात वाईट खोली कंची म्हनला?"

"स्वतःची."

"मग समद्यात चांगली कंची?"

मी टाळी दिली. इतकं सरळ गणित मला शाळेतही कधी सुटलं नव्हतं. तो जे जे वाईट म्हणतोय ते ते चांगलं. नदीकडची खोली सगळ्यात वाईट, म्हणजे आपण राहायचं तर नदीकडच्याच खोलीत.

बायको तोवर कंडक्टरच्या बायकोकडे पाणी प्यायला थांबली होती. परतताना चौफुल्याला एसटी बदलायला उतरलो तेव्हा ती म्हणाली, "ते मिस्त्री खोटं बोलत असतील असं वाटत नाही हो."

मी आणि मेव्हणे हसलो. दोघं मिळून हसलो, हे मला आजही आठवतं.

खरेदीखत झालं. फंडाची सगळी रक्कम त्यात गेली. रजिस्ट्रारच्या कचेरीतून बाहेर पडल्यावर मिस्त्रींनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घेतलंच का?" दवाखान्यात एखाद्याच्या नातेवाइकाला विचारतात त्या आवाजात.

मी म्हणालो, "मिस्त्री, निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथंच येणार. नदीकडच्या खोलीत."

ते म्हणाले, "त्या खोलीत? ताईंचं गुडघं धरत्याल."

हे वाक्य मी मेव्हण्यांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "बघा! आता गुडघ्यावर आलं म्हातारं."

पण मिस्त्री पुढे जे म्हणाले ते आमच्या गणितात बसेना. म्हणाले, "खुशाल या. घर तुमचं हाय. म्या निघतो, लेक बोलवतोयच शिक्रापूरला. फकस्त तेवढी भिताडं उरकू द्या. ज्यानं बिघडवलं त्यानंच नीट करून जावं. सामान तेवढं तुम्ही आनून द्या, मजुरीचं नाव काढू नगा."

"किती दिवस लागतील?"

"घाई नगा करू. भिंत काय पळून जात न्हाई."

भाडेकायदा तेव्हा भाडेकरूच्या बाजूचा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून म्हातारा झालो असतो. ते हो म्हणाले, आणि मी संशयानं झिजलो.

काम सुरू झालं कंडक्टरच्या भिंतीपासून. मी दर रविवारी दौंडहून जायचो. नाव देखरेखीचं, पण खरं म्हणजे म्हातारा किती लांबवतोय ते पाहायला. मिस्त्री विटा आधी पाण्यात भिजवून ठेवायचे. "इटंला पैलं पानी पाजावं. तान्हेली इट सिमेटातलं पानी पिऊन टाकती. मग दोघांचंबी वाटोळं." विटा बुडबुडे सोडायच्या, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हे शेजारी बसून राहायचे. मी घड्याळ पाहायचो.

एका रविवारी म्हणाले, "सायेब, रिकामं बसलाव, जरा ओळंबा धरा." ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. वर दोरी धरायची, खाली वजन स्थिर झालं की भिंत सरळ आहे की नाही ते कळतं. यापेक्षा सोपं काम गवंडीकामात नाही. मी धरला. पण समोर नदी होती, घाटावर कुणाचं तरी पोहणं चाललं होतं, आणि माझं लक्ष तिकडं गेलं. दोरी भिंतीपासून किती सरकली ते मला कळलं नाही. दुपारी मिस्त्री लांब जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं आणि सकाळपासून चढवलेले सगळे थर उतरवायला लागले.

"अहो, पाडता कशाला?"

"वाकडं हुतं."

"थोडंसंच असेल ना?"

"थोडं वाकडंच लय दिस टिकतं, सायेब. लय वाकडं निदान पडून तरी जातं."

त्या संध्याकाळी मेव्हण्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजी बांधतंय आन् पाडतंय? दाजी, ह्ये घर तुमच्या तेराव्यालाबी पुरं व्हायचं न्हाई." दोरी कोणी धरली होती ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

कंडक्टरची भिंत झाली. मग पोरांची झाली. ती चार पोरं पाळी करून यायची आणि मिस्त्रींना "चाचा, आप बैठो, हम करते हैं" म्हणत विटा वर चढवायची. मग सिस्टरबाईंचं सुरू झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी आली. बाहेर घाटाचं काम थांबलं होतं. दिवे लागले होते, मग बल्ब गेले, मग खांबांवर नुसत्या टोप्या राहिल्या. बागेच्या पाटीवर कुणीतरी पोस्टर चिकटवलं. मला रविवारची ती एसटी नकोशी झाली होती. सोमवारी कचेरीत बसलं तरी पाठ चौफुल्याच्या खड्ड्यांवरून हलत असायची.

आणि मिस्त्री स्वतःच्या खोलीला हात लावत नव्हते.

"बाकीच्यांचं उरकू द्या आधी," म्हणायचे. "माझं काय, मला सवय हाय."

मेव्हणे म्हणाले, "आता तरी पटलं का? ती खोली झाली की निघावं लागंल. म्हनून ती शेवटाला. आन् शेवट कवा? तर घाई नगा करू!" त्यांनी मिस्त्रींची नक्कल इतकी हुबेहूब केली की मी हसलो. निवृत्तीला चार महिने राहिले होते. क्वार्टर रिकामं करायचं पत्र माझ्याच टेबलावर येऊन, माझ्याच हातानं आवक नोंदवहीत चढलं होतं.

मग आम्ही वकिलाकडे गेलो. त्यानं नोटीस लिहिली. तीत "सदर इसम" होता, "बेकायदेशीर कब्जा" होता, "तीस दिवसांच्या आत" होतं. मी वाचली आणि सही केली. मनात म्हणालो, कागदच तर आहे. आमच्या कचेरीत कागदानं कधी कुणाचं काही झालेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं, असा माझा विचार. आणि म्हटलं, मिळाली असेल तर तोंडावरून कळेल. मिस्त्री सिस्टरबाईंच्या उंबऱ्याशी काम करत होते. मला पाहून हात धुतले, पंच्याला पुसले, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला.

"सायेब, ह्ये रजिस्टर आलंय. मला काय वाचाय येत न्हाई. जरा बघता का?"

मी चष्मा काढला. तो पुसला. पुन्हा पुसला. चष्मा पुसायला माणसाला किती वेळ लागू शकतो याची तुम्हाला कल्पना नसेल. मग कागद उघडला. खाली माझी सही होती, नेहमीसारखी शेपटीवाली. मी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, जणू काही पहिल्यांदाच.

"काय म्हनत्यात?" मिस्त्रींनी विचारलं.

"नगरपालिकेचं आहे," मी म्हणालो. "घरपट्टीचं काहीतरी. तुमचा संबंध नाही."

"व्हय का?" त्यांनी कागद घेतला, होता त्याच घड्यांवर दुमडला आणि पिशवीत ठेवला. "मग बरं हाय. पोस्टमन म्हनला, तुमच्या मालकाचं हाय. म्हनला, म्हैन्यात खोली खाली करा असं लिवलंय." त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. "म्या त्याला म्हनलं, असं कसं? सायेब दर रइवारी येत्यात. तोंडानं सांगितलं असतं की."

मी नदीकडे पाहत राहिलो.

"च्या टाकू का?" ते म्हणाले.

आणि मी हो म्हणालो. बघा, त्या क्षणीही नाही म्हणायचं मला सुचलं नाही. त्यांनी स्टोव्ह पेटवला, आलं ठेचून घातलं, मला कप दिला आणि स्वतः बशीत घेतला. आम्ही दोघं चहा प्यायलो. बोललो ते सिमेंट किती शिल्लक आहे एवढंच.

त्यांनी महिना घेतला नाही. आठ दिवसांत सिस्टरबाईंची भिंत पुरी केली आणि निघाले. त्या रविवारी मी गेलो नाही. घरी सांगितलं, कचेरीत काम आहे. रविवारी. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि डबा करून दिला. मी खरंच कचेरीत जाऊन बसलो. शिपाईसुद्धा नव्हता.

नंतर कळलं ते सिस्टरबाईंकडून. कंडक्टरनं टेम्पो आणला होता. एक खाट, एक ट्रंक, भांडी, आणि हत्यारांचं पोतं. निघताना खोली झाडून, फरशी पुसून घेतली. किल्ली सिस्टरबाईंकडे दिली आणि निरोप ठेवला, "सायेबांना सांगा, नदीकडची भिंत तेवढी ऱ्हायली. माफी असावी."

आम्ही राहायला आलो. चुना दिला, पडदे लावले. मेव्हण्यांनी ओट्यावर नारळ फोडला आणि म्हणाले, "दाजी, बसा आता लोकांकडं बघत." पहिले चार महिने छान गेले. लोक काही हवा खायला येत नव्हते, पण म्हशी यायच्या, मी त्यांच्याकडे बघायचो.

मग पावसाळा आला आणि भिंत पाणी प्यायला लागली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. मिस्त्रींनी सांगितलं होतं तिथपर्यंत येऊन थांबली. रंग फुगला, पापुद्रे सुटले, खाली खार पांढऱ्या पिठासारखा साचायला लागला. बायकोच्या लग्नातल्या शालूला बुरशी आली. कचेरीनं निरोपाला दिलेली शाल कपाटाच्या मागच्या फळीला चिकटून राहिली. भाद्रपदात बायकोचे गुडघे धरले.

आणि वर कंडक्टरची बायको, शेजारी सिस्टरबाई, सगळे कोरडे ठणठणीत. "आमच्याकडं एक टिपूस न्हाई बघा ताई," कंडक्टरीण सांगून गेली. बिचारी चांगल्या मनानं सांगत होती.

मग धरणातून पाणी सोडलं. पाणी घाट चढून, बागेची पाटी ओलांडून भरदुपारी आमच्या खोलीत आलं. घोट्याएवढंच, फार नाही. मी खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो. बायको खराट्यानं पाणी बाहेर लोटत होती. लोटता लोटता थांबली आणि म्हणाली, "काय हो, कागदाला विचारून आलंय ना?"

तिला हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी उतरलो आणि दुसरा खराटा घेतला.

दिवाळीनंतर मी शिक्रापूरला गेलो. हमरस्त्याच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग, ट्रक गेला की सगळी रांग हलायची. मिस्त्री दारात खाटेवर बसले होते. वाळले होते, श्वास घेताना खांदे वर जात होते. मुलगा पाळीला गेलेला. मला पाहून उठायला लागले.

"बसा, बसा."

"तुम्ही बसा सायेब. ताईंचं गुडघं कसं हायेत?"

मी म्हणालो, "मिस्त्री, परत चला. खोली तुमचीच आहे. आमचं आम्ही बघतो काहीतरी."

"छ्या. लागलेला संसार असा मोडू नये." त्यांनी हात वर करून दाखवायचा प्रयत्न केला, तो खांद्यापाशीच थांबला. "आन् ह्यो आता हितनं वर जात न्हाई. दुसरा मिस्त्री बघा. त्याला म्हनावं, खालनं तीन हात गिलावा समदा उकर. निम्माशिम्मा न्हाई, समदा. मग आठ दिस भिंत उघडी ठिव. वाळू धू, तीन पान्यानं धू. आन् त्याला म्हनावं, घाई..." खोकला आला, वाक्य राहिलं.

मी पाकिटाच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं. गेलो होतो माफी मागायला. दीड तास बसलो, ओलीबद्दल बोललो आणि एसटीत बसून परत आलो. नोटिशीचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.

नव्या मिस्त्रीनं पाकिटावर लिहिलं होतं तसं केलं. पुढच्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली.

त्यानंतर मिस्त्री एकदाच घरी आले. पुढं काही महिन्यांनी ते शिक्रापूरलाच वारले, आणि आम्हाला ते कंडक्टरकडून फार उशिरा कळलं. म्हणून ही भेट शेवटची.

गावात त्यांच्या कुणा नातेवाइकाची मयत झाली होती. दफन उरकून परतताना, दुपारी तीनच्या सुमाराला, ओट्याच्या खाली उभे दिसले. वर येईनात. बायकोनं पाहिलं. "मिस्त्री! अहो, बाहेर काय उभे? आत या."

त्यांनी चपला खाली काढल्या, नीट भिंतीच्या कडेला लावल्या आणि आत आले. मी खुर्ची पुढं केली. तिच्या कडेवर बसले. समोर आमचं कपाट होतं, टीव्ही होता, त्यावर बायकोनं विणलेला रुमाल. नदीकडची भिंत त्यांच्या डाव्या हाताला होती, कोरडी, फिकट हिरव्या रंगाची. मला वाटत होतं, आता पाहतील, काहीतरी म्हणतील. चूक काढली असती तरी मला हवीच होती. पण त्यांनी त्या बाजूला मान वळवली नाही. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर इकडंतिकडं बघू नये, अशा बेतानं ते स्वतःच्या हातांकडे पाहत बसले. हातांना कबरस्तानातली माती होती.

बायको चहा घेऊन आली. ते कप घ्यायला हात पुढं करणार, तर थांबले.

"हात धुवायचे हुते," ते म्हणाले. "मोरी कुनीकडं हाय, ताई?"

एकच खोली ती. मोरी असून असून कुठं असणार? तीन पावलांवर कोपऱ्यात, पडद्याआड. बावीस वर्षं त्यांनी त्याच मोरीत रोज हातपाय धुतले होते, आणि तिथली फरशी त्यांच्याच हातानं बसवलेली होती.

बायको ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मग ट्रे टीव्हीवर ठेवला, पदर सारखा केला आणि पुढं होऊन पडदा सरकवला.

"इकडे, मिस्त्री," ती म्हणाली. "या. जपून हं, ओलं आहे."

"व्हय, व्हय," म्हणत ते उठले आणि खाली बघत, नव्या जागेत पाऊल टाकावं तसे, तिच्या मागून गेले.